थोडं वाजलं पाहिजे

यंदा भाताच्या लोंब्या जरा उशिराच निसवल्या. घोरावाडी स्टेशनच्या पलीकडे जी थोडी वावरं अजून इमारतींच्या तावडीतून सुटलेली आहेत, तिथून परवा सकाळी इंद्रायणी भाताचा तो ओला, दुधाळ वास आला आणि लोकलची वाट बघणारी मी आपसूक मान तिरकी करून कान देऊन उभी राहिले. शेजारच्या बाईंना वाटलं, लोकलच आली. त्या पिशवी सावरत पुढे सरकल्या आणि मग माझ्याकडे संशयाने बघत मागे आल्या. वासाला कुणी कान देत नाही हे मलाही कळतं. पण भाताचा वास आणि ऐकणं या दोन गोष्टींची माझ्या मनात गाठ बसली आहे, आणि ती गाठ मारणारा माणूस आता नाही.

काही वर्षांपूर्वी याच दिवसांत, भादवा लागता लागता, आबांना त्यांच्या गाडीत एक आवाज ऐकू यायला लागला. आबा म्हणजे माझे वडील. आवाज फक्त त्यांनाच येत होता. मला नाही, मेकॅनिकला नाही, शेजाऱ्यांना नाही.

आबांचा सगळा जन्म लोणावळा-खंडाळ्याच्या घाटात गाडी चालवण्यात गेला. खंडाळ्याच्या एका जुन्या बंगल्यावर ते ड्रायव्हर होते. पुढे बंगला विकला गेला, तिथे रिसॉर्ट उभं राहिलं, आणि जाता जाता मालकीणबाईंनी गाडी आबांच्या हवाली केली, कारण नवे लोक ती भंगारात घालणार होते. सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली गाडी. आज ती रस्त्याने निघाली की लोक फोटोसाठी मोबाइल काढतात. आमच्या घरात मात्र ती बरीच वर्षं एक जास्तीचं खाणारं तोंड होती. आई तिला 'माझी सवत' म्हणायची आणि त्यात फार खोटं नव्हतं. आईच्या साडीची आबांना आठवण करून द्यावी लागे. गाडीला नवं सीटकव्हर आपोआप यायचं. आबा स्वतः तिला म्हातारी म्हणत. आई गेल्यावर लोणावळ्यातल्या वलवणच्या घरात आबा आणि म्हातारी, दोघंच उरली. माझं सासर तळेगावात, मी शिकवते ती शाळाही तिथलीच. शनिवारी शाळा सुटली की घोरावाडीहून लोकलने लोणावळा गाठायचं आणि रविवारी संध्याकाळी परतायचं, असा माझा शिरस्ता होता.

आबांच्या कानाबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. घरात पाठमोरे बसलेले असताना रस्त्यावरून गाडी गेली की हे न बघता सांगायचे, ह्याचा क्लच जळायला आलाय, ह्याच्या पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. शेजारपाजारचे लोक गाडी घ्यायच्या आधी आबांना 'ऐकवायला' आणत. आबा बॉनेट उघडायचे, लाकडी मुठीचा एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मालक बिचारा निकालाची वाट बघत असल्यागत उभा. बऱ्याच वेळाने आबा डोळे उघडून, घ्या किंवा नका घेऊ, एवढंच बोलायचे. माझंही त्यांच्यापुढे काही चालत नसे. स्वयंपाकघरात मी भांडं ठेवलं तरी त्यांना माझा राग कळायचा. सासरचं काही बिनसलं असेल तर मी त्यांच्या घरात भांडी फार जपून ठेवायचे, आणि त्यावरूनच त्यांना ते कळायचं.

म्हातारी वाजायची खूप. कॉलेजात असताना मला तिची भयंकर लाज वाटे. मैत्रिणींच्या देखत ती वळणावरून टकटकत यायची, तेव्हा मी ओळखच दाखवायची नाही. एकदा फणकाऱ्याने विचारलं, एवढी दुरुस्ती करता, मग हिचं तोंड का बंद करत नाही? आबांनी मला बॉनेटपाशी नेलं. इंजिनाच्या माथ्यावर झाकणाखाली व्हॉल्व्ह उघडणारे लहान लहान दांडे असतात, त्यांना टॅपेट म्हणतात. दांडा आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कागदाएवढी फट ठेवावी लागते, आणि त्या फटीमुळे ते टकटक वाजतात. फट अगदी मिटवून टाकली तर आवाज जातो. पण मग व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि आतल्या आत जळतो. हे सगळं सांगून झाल्यावर आबा म्हणाले, "थोडं वाजलं पायजे गं. वाजतंय तवर काळजी न्हाई. एकाएकी गप झालं की समजायचं, आत कायतरी जळतंय." मला तेव्हा ते पटलं नाही. माझ्या वयाला गप्प चालणाऱ्या गाड्या आवडत होत्या.

तर त्या भादव्यात आबांचा फोन आला. म्हणाले, म्हातारी काहीतरी वेगळंच बोलतीय, शनिवारी आलीस की ऐक. मी गेले. आबांनी गाडी चालू केली, मला बॉनेटपाशी उभं केलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला टॅपेट ऐकू आले, पंखा ऐकू आला, बॉनेटचा सैल पत्रा ऐकू आला, पन्हळीतून पडणारं पाणीही ऐकू आलं. आबा म्हणत होते तो आवाज यातला कुठलाच नव्हता. फुस, फुस, फुस असा, ठेक्यात, सैल जोडाच्या गॅस्केटमधून हवा निसटावी तसा. मी नाही म्हटलं. त्यांनी परत ऐकायला लावलं. मी परत नाही म्हटलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला अजिबात आवडलं नाही.

मग सदाभाऊ आले. सदाभाऊंचं जुन्या हायवेला गॅरेज आहे आणि जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ फॅनबेल्टमध्ये असतं अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी फॅनबेल्ट बदलला. आवाज तसाच. पाण्याचा पंप काढून बघितला. आवाज तसाच. सायलेन्सरच्या जोडाला नवं गॅस्केट घातलं, इंजिनाच्या खालचे रबर बदलले. एका रविवारी त्यांनी मोठ्याने 'सापडलं' अशी आरोळी ठोकली, तर हवेच्या डब्यामागे घुशीने घर केलं होतं, आणि त्यात शेंगदाण्याच्या चिक्कीचे कागद, चिक्कीचे तुकडे, माझ्या जुन्या ओढणीची किनार असा सगळा संसार होता. लोणावळ्याची घूस म्हटल्यावर चिक्कीच खाणार, असं मी म्हटलं. आम्ही तिघंही खूप हसलो. गाडी चालू केली. आबा हसता हसता थांबले. आवाज होताच.

इंजिनात आवाज नसेल तर तो आबांच्या कानात आहे, हे कळायला मेकॅनिक असायला लागत नाही. माझ्या नवऱ्याने एकदा जेवताना अगदी हळुवारपणे तेच सुचवलं, की वय झालं की असे भास होतात. मी त्याच्यावर उखडले. आबांची नजर अधू झाली असती, गुडघे गेले असते, तर मी सोसलं असतं, आणि त्यांनीही. पण कान गेला तर आबांचं काय उरणार होतं? लोक गाड्या ऐकवायला आणायचे बंद झाले असते. कुणी तोंडावर बोललं नसतं. पाठीमागे मात्र, आता त्यांना काहीबाही ऐकू येतं, असं म्हणून हसले असते. म्हणून मी इंजिन बिघडलेलं निघावं अशी प्रार्थना करायला लागले. देवापुढे दिवा लावून इंजिनात बिघाड मागणारी अख्ख्या मावळात मी एकटीच असेन.

खरं तर आबांना स्वतःलाही काहीतरी खटकत होतं. कुठलाही इंजिनाचा आवाज रेस दिली की वाढतो, त्याचा ठेका जलद होतो. हा होत नव्हता. आबा म्हणायचे, म्हातारीला कितीही पळवा, ह्याची चाल तीच. घाट चढताना स्टिअरिंग ओढून दमायला झालं की तेवढा जरा वाढायचा. रात्री अंथरुणावर पडल्यावरही तो ऐकू यायचा; पण त्याचं त्यांना नवल वाटलं नाही, कारण दिवसभर घाट केलेल्या ड्रायव्हरच्या कानात रात्री इंजिन वाजतच राहतं. त्यांच्या सगळ्या सोबत्यांचं तसंच होतं. इतकी वर्षं त्यांनी ते गृहीत धरलं होतं, आणि तिथेच ते फसले. दुसरा कुणी असता तर अंथरुणात आवाज आल्यावर डॉक्टरकडे गेला असता. ड्रायव्हर गॅरेजमध्ये गेला.

दसरा जवळ येत होता आणि आबांचा एक नियम होता. खंडेनवमीला गाडी धुवायची, पाने-पकडी पुसून पाटावर मांडायच्या, आणि दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालून नारळ फोडायचा. पण दुखणं असलेल्या गाडीला हार घालायचा नाही. आधी दुखणं काढायचं, मग पूजा. एका वर्षी रेडिएटर गळत होता तर त्यांनी दसऱ्याच्या पहाटेपर्यंत सदाभाऊंना सोडलं नव्हतं. त्यामुळे या वर्षी जसजसा नवरात्राचा घट रुजायला लागला तसतसे आबा कासावीस व्हायला लागले. म्हातारीला हार मिळणार नाही, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

दर रविवारी आम्ही आवाज शोधायला बाहेर पडायचो. आबा चालवायचे, मी त्यांच्या डावीकडे. ते कधीच डावीकडे बसत नसत. आपल्याला तिथे मळमळतं, असं सांगायचे. कार्ल्याकडे, पवनेच्या बाजूला, कधी खंडाळ्याच्या वळणांवर. काचा वर करून, काचा खाली करून. भिंतीला लागून गाडी चालवायची म्हणजे आवाज आपटून परत येतो. पावसाळी पर्यटकांची झुंबड ओसरलेली असायची. डोंगरउतारांवर सोनकीची फुलं पिवळीधमक, धबधब्यांच्या दोऱ्या झालेल्या, आणि उतरत्या पावसाचं धुकं एकदम रस्त्यावर यायचं, एकदम निघून जायचं. एखाद्या वळणावर आबा गाडी थांबवायचे आणि मला डॅशबोर्डला कान लावायला सांगायचे. मी लावायचे. पत्र्याचा गारवा कानाला लागायचा, पेट्रोलचा आणि जुन्या रेक्झिनचा वास यायचा. मग आम्ही कणीस घ्यायचो. आबा दाणे सोलून निम्मे माझ्या तळहातावर ठेवायचे, मी शाळेत होते तेव्हा ठेवायचे तसे. खरं सांगते, ते रविवार मला फार आवडत होते. आवाज सापडावा असं वाटायचं, आणि इतक्यात सापडू नये असंही वाटायचं.

माळेचे दिवस निम्मे सरले होते तेव्हाचा तो रविवार. हस्ताचा पाऊस गडगडत आला होता आणि आम्ही तिघं सदाभाऊंच्या गॅरेजच्या पत्र्याखाली अडकलो होतो. आबा एका जुन्या टायरवर बसले होते. सदाभाऊ थकून म्हणाले, आबा, मला नेमका ठेका तरी वाजवून दाखवा. आबांनी डोळे मिटले आणि एका हाताने मडगार्डवर बोटं आपटायला सुरुवात केली. टक, टक, टक. मग उठतो म्हणाले. टायर खोलगट, गुडघे दुखणारे. मी त्यांचा दुसरा हात मनगटाशी धरून त्यांना वर ओढलं. ते उठून उभे राहिले, तरी बोटं मडगार्डवर वाजतच होती. माझ्या बोटांखाली त्यांच्या मनगटाची नाडी होती. टक, टक, टक. मडगार्डवर जे वाजत होतं तेच माझ्या बोटांखाली उडत होतं. उठण्याच्या श्रमाने नाडी जरा जलद झाली, आणि मडगार्डही जरा जलद झालं.

मी मनगट सोडलं नाही. आबांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. पत्र्यावर पाऊस एवढा कोसळत होता की बोललेलं ऐकू आलं नसतं. त्यांनी मडगार्डवरचा हात उचलला आणि स्वतःच्या मानेवर ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "सदाला म्हणावं, बॉनेट लाव. तिच्यात काय न्हाई."

तळेगावच्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मानेला स्टेथोस्कोप लावला, डावीकडे जरा जास्त वेळ, आणि म्हणाल्या, "आहे. आवाज आहे." आबांचा चेहरा इतका खुलला की मला रडू आवरेना. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना ऐकू येणारं ऐकलं होतं. कान गेला नव्हता. कान इतका शाबूत होता की देहाच्या आत जे बिघडत होतं तेही त्याने पकडलं होतं. चूक झाली ती फक्त इंजिन ओळखण्यात. मेंदूकडे जाणारी मानेतली रक्तवाहिनी आतून अरुंद झाली होती, आणि त्या चिंचोळ्या वाटेने रक्त जाताना ते फुसफुसत होतं. बाई सगळं नीट समजावून सांगत होत्या. गोळ्या लगेच सुरू करायच्या, आणखी तपासण्या करायच्या, दिवाळीनंतर पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवून ऑपरेशनचं ठरवायचं. वय आणि हृदय दोन्ही बघावं लागेल. आबांनी एकच प्रश्न विचारला, हा आवाज मुलीला ऐकवता येईल का? बाईंनी स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावला. फुस, फुस, फुस. अगदी त्यांनी सांगितला होता तसाच. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. या वेळी मी हो म्हटलं.

दसऱ्याला म्हातारीला हार मिळाला. मी मुद्दाम रजा काढून आदल्या दिवशीच गेले. आबांनी तिला धुतली, पुसली, चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आंबी गावच्या आमच्या शेतातून आलेल्या भाताच्या लोंब्या झेंडूबरोबर आरशाला बांधल्या. नारळ फोडायच्या आधी ते थोडा वेळ बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले. मला वाटलं नेहमीसारखं काहीतरी पुटपुटतायत. पण ते चक्क गाडीची माफी मागत होते. "तुज्यावर उगं आळ घेतला गं. दुखणं माजं व्हतं, आन खोललं तुला." शेजारच्या मावशी हसून लोटपोट झाल्या. मीही हसले. आबांनी नारळ फोडला, पाणी चारी चाकांवर शिंपडलं, आणि मला आपट्याचं पान दिलं. ते पान नंतर कुठे गेलं, आठवत नाही.

दिवाळीच्या सुटीत मी वलवणलाच राहिले. गोळ्या वेळेवर देत होते, पथ्य सांभाळत होते. आबा रोज सकाळी चहा पिताना मला बातमी द्यायचे, आज जोरात हाय, आज बेताचा हाय. आवाजाची आम्हाला दोघांनाही सवय झाली होती. मी तर गमतीने विचारायचे, पाहुणा काय म्हणतो?

भाऊबीज होऊन गेली होती. हवेत पहिला गारवा होता. मी चहा घेऊन बाहेर आले तर आबा गाडीत बसलेले. गाडी बंद, काचा वर, हात मांडीवर. मी काच वाजवली. त्यांनी ती खाली केली आणि म्हणाले, "नलू, आज आवाज न्हाई." मी विचारलं, गेला? ते म्हणाले, "गेला म्हणू नको. गप झालाय."

मला तर आनंदाचं भरतं आलं. गोळ्या लागू पडल्या, असं मी मोठ्याने म्हणाले. तळेगावला नवऱ्याला फोन केला, सदाभाऊंना कळवलं, तुपाचा हात सैल सोडून शिरा केला. आबांनी शिरा खाल्ला. मग म्हणाले, चल, आंबीला जाऊन येऊ, कापणी चालली असंल. आंबीत माझ्या चुलतभावाच्या वाट्याला आमच्या भाताची दोन खाचरं आहेत. मी साडी बदलून बाहेर आले, तर आबांनी चावी माझ्या हातात दिली आणि स्वतः डावीकडचं दार उघडून आत बसले.

मी अर्थातच चेष्टा केली. मळमळणार नाही ना, विचारलं. ते म्हणाले, बघू की. जुन्या हायवेने कामशेत, वडगाव मागे पडलं. ते खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलेलं, काही वावरांत पेंढ्या आडव्या, बगळे त्यांच्यामधून फिरत होते. गिअर टाकताना मी एकदा खरडला तरी ते बोलले नाहीत, आणि यातच मला काहीतरी कळायला हवं होतं. तळेगावच्या जरा अलीकडे एकदाच म्हणाले, सदाला टॅपेट लावू दे पण सांग त्याला, लय गप करू नको म्हणावं. मी बरं म्हटलं. मला गाडी चालवायला मिळाली होती, आबा शेजारी होते, पाहुणा निघून गेला होता. त्या रस्त्यावर माझ्याइतकं सुखी त्या दिवशी कुणी नसेल.

आंबीत झोडणी चालली होती. लाकडावर पेंढ्या आपटल्याचा धप धप आवाज, उडणारा कोंडा, नव्या तांदळाचा वास. आबा बांधावर बसले, एक लोंबी तळहातावर चोळून फुंकर घातली आणि दाणे माझ्यापुढे धरले. मी घ्यायला हात पुढे केला. त्यांचा तळहात माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू तिरका झाला आणि दाणे खाली सांडले. त्यांनी ते बघितलं. हात सरळ करायचा प्रयत्न केला. मग मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि शब्द आला नाही.

त्यानंतर आबा एकही शब्द बोलले नाहीत. दवाखान्यातले ते मोजके दिवस ते फक्त बघत आणि ऐकत होते. पायांचा आवाज आला की मी दारात यायच्या आधी त्यांचे डोळे दाराकडे वळायचे. एकदा दुपारी खोलीत कुणी नव्हतं, तेव्हा मी वाकून त्यांच्या मानेला माझा कान लावला. डाव्या बाजूला, तिथेच. काही वाजत नव्हतं. त्यांनी चांगल्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं, जणू मलाच काही झालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं, आवाज थांबला म्हणजे वाट मोकळी झाली असं नसतं. कधी कधी वाट पुरती बंद होते, रक्त जायचंच थांबतं, म्हणूनही आवाज थांबतो. त्यांच्या मते आधी कळलं असतं तरी फार काही करता आलं असतंच असं नाही. त्या चांगल्या होत्या, धीर देण्यासाठी बोलत होत्या. मी ऐकत होते आणि मला बॉनेटपाशी उभी असलेली, मैत्रिणींना लाजणारी मी दिसत होते, आणि टॅपेटचं झाकण हातात धरून उभे असलेले आबा. एकाएकी गप झालं की समजायचं. ज्या माणसाने आयुष्यभर हे दुसऱ्यांना सांगितलं, त्याला त्या सकाळी बंद गाडीत बसून काय कळलं असेल? त्यांना कळलं होतं, असं मला वाटतं. म्हणून चावी दिली. म्हणून आंबी. डॉक्टरकडे चल असं म्हणाले असते तर मी तशीच नेली असती. ते म्हणाले नाहीत. याचा मला रागही येतो. शिरा खाताना तरी सांगायचं होतं. मग वाटतं, मी इतकी खूश होते, त्यांनी सांगायचं तरी कसं.

म्हातारी आता माझ्याकडे तळेगावात आहे. सासूबाई तिला नावं ठेवतात आणि सणाला हळूच तिच्या बॉनेटवर हळदकुंकू वाहतात. वासाच्या त्या दिवसानंतर, काल, मी शाळेला दांडी मारली आणि दसऱ्याच्या आधी गाडी दाखवायला सदाभाऊंकडे नेली. त्यांनी यंदाही आधी फॅनबेल्टच बघितला. मग बॉनेटवर वाकून म्हणाले, "ताई, टॅपेट लय वाजत्यात. गप करून देऊ का?"

मी म्हटलं, नको भाऊ, थोडं वाजू दे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि दोन्ही तळहातांनी बॉनेट हलकेच दाबून लावलं, आबा लावायचे तसं.

मी सरळ घरी आले नाही, आंबीकडे वळले. काचा खाली होत्या. दोन्ही अंगांनी भाताचा वास येत होता, म्हातारी टकटकत चालली होती, आणि डावीकडची सीट गप होती.